घोंगडीखालची गाडी

गेणूच्या अंगणातली काळी गाडी रोज संध्याकाळी घोंगडी पांघरून झोपायची. पौडच्या पुढच्या त्या धनगरवाड्यात कुणालाच यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. थंडीत दव पडतं, पावसाळ्यात डोंगरावरचं धुकं पार चुलीपर्यंत येतं. अशा वेळी जे जपायचं त्याच्यावर घोंगडी टाकायची, हे गेणूला त्याच्या बापानं शिकवलेलं. मग ते नुकतं जन्मलेलं कोकरू असो नाहीतर पोराची गाडी. गाडीसाठी बाजारात कापडी कव्हर मिळतं, असं सुनेनं एकदा सांगून बघितलं होतं. "त्यात ऊब असती का?" असं विचारून त्यानं विषयच मिटवला. गेणूची बायको बानूबाई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "मला काय कवा अशी पांघराय घातली न्हाई ह्या मानसानं."

सकाळ झाली की गेणू घोंगडी काढायचा, झटकायचा आणि तिच्याच एका कोपऱ्यानं गाडी पुसायला घ्यायचा. बोनेटपासून सुरुवात, मग दारं, मग मागची बाजू. गोल गोल हात फिरवत, तोंडानं च्यक च्यक आवाज करत. उज्वला चुलीपुढून हे बघायची. नवरा परदेशात आणि सासरा त्याच्या गाडीला कुरवाळतोय, हे बघून तिला कधी हसू यायचं आणि कधी उगाच डोळे भरून यायचे. धुराचं निमित्त हाताशी असायचं, त्यामुळे कुणाला काही सांगावं लागत नसे.

गाडी तिचा नवरा हृतिक याची. कागदावर ती उज्वलाच्या नावावर होती, कारण लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यानं ती घेतली आणि हौसेनं बायकोच्या नावावर केली. घेतली तीही जुनीच, दुसऱ्याची वापरलेली. पण हृतिकचं म्हणणं असं, की दिवसभर हिंजवडीत कंपनीची पांढरी कॅब चालवणाऱ्या माणसाला स्वतःची गाडी काळीच पाहिजे. रविवारी कंपन्या बंद असल्या की तो उज्वलाला घेऊन धरणाच्या काठाकाठानं ताम्हिणीपर्यंत जायचा. परतीच्या वाटेवर मोकळ्या माळाशी थांबून त्यानंच तिला गाडी शिकवली. शिकवताना तो लई ओरडायचा आणि घरी आल्यावर सगळ्यांना सांगायचा, की उज्वला माझ्यापेक्षा भारी चालवते.

मग मस्कतला एका कंपनीत ड्रायव्हरचं काम निघालं. दोन वर्षांत येतो म्हणून गेला. दोन वर्षं होऊन गेली, तिसरं अर्ध्यावर आलं. आधी तो दिवाळीला येणार होता, मग यात्रेला, मग "बघू, साहेब सोडतोय का" असं चाललं होतं. उज्वलाला घोर लागला होता, पण तिचा एक आधार होता आणि तो अंगणात उभा होता. माणूस बायकोला दिलेला शब्द विसरेल, आईबापाला दिलेला विसरेल, पण हृतिक या गाडीला विसरायचा नाही, एवढी तिची खात्री होती. गाडी आहे म्हणजे तो येणार. दर आठवड्याला ती गाडी सुरू करून वाड्याच्या टोकापर्यंत नेऊन आणायची, बॅटरी उतरू नये म्हणून. सीटवर बसल्यावर जरा वेळ तशीच बसून राहायची. त्याच्या अंगाचा वास केव्हाच उडून गेला होता, तरी ती बसायची.

होळी झाली, उन्हं तापायला लागली आणि एक दिवस त्याचा फोन आला.

"ऐक, गाडी इकून टाकू," तो म्हणाला. "उभी राहून राहून सडंल ती. बावधनचा साहिल म्हणून एक जण हाय, कॅबच्या टायमाला रोज माझ्या गाडीत बसायचा. त्यो मागतोय. उन्हात उभी करून फोटो काढ आन पाठव."

"आन तुमी आल्यावर?"

"आल्यावर नवी घेऊ की."

आल्यावर म्हणजे कधी, हे ओठावर आलेलं तिनं गिळलं. तिनं फोटो पाठवले. दहा मिनिटांत त्याचा पुन्हा फोन, आणि या वेळी आवाज चढलेला.

"हे काय झालंय? बोनेटवर बघ! कुणी तारेच्या घासणीनं घासली का काय?"

उज्वलानं बाहेर जाऊन बघितलं. रोज डोळ्यापुढं असणारी वस्तू माणूस बघत नाही. सावलीत गाडी धड दिसायची; उन्हात मात्र, जिथं जिथं सूर्य चमकत होता तिथं तिथं त्याच्याभोवती बारीक रेघांची गोलच्या गोल वेटोळी होती, कोळ्यानं जाळं विणावं तशी. दारावर, टपावर, सगळीकडं. ती वेटोळी कुणाच्या हाताची आहेत हे तिला लगेच कळलं. गोल गोल, रोज सकाळी, अडीच वर्षं.

"उभ्या उभ्या हुतं म्हणं तसं," ती म्हणाली. सासऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही.

"उभ्या उभ्या काय हुतंय! मारुंजीत वैष्णवीचं दुकान हाय, गाड्या चकाचक करत्यात तितं. उद्या पॉलिश मारून घे. मी साहिलला सांगतो, संध्याकाळी तितंच येऊन बघ म्हणून."

त्यानं फोन ठेवला आणि उज्वला गाडीला टेकून उभी राहिली. तिच्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू पक्की होत गेली. अडीच वर्षं त्यानं गाडी नीट बघितली नव्हती, म्हणून तो इतक्या सहज विकू म्हणाला. ती पहिल्यासारखी झाली, तिचं ते पाण्यासारखं काळंपण परत आलं आणि ते त्यानं एकदा डोळ्यांनी बघितलं, तर त्याला विकवणार नाही. त्याला ओढ लागेल. तो येईल.

दुसऱ्या दिवशी तिनं सासऱ्याला सांगितलं, "मामा, गाडी मारुंजीला न्यायची हाय. चकचकीत करायला."

गेणूनं तिच्याकडं टक लावून बघितलं. त्याचा सगळा चेहरा फुलला. "येतुया व्हय त्यो?"

उज्वलानं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. गेणूला जे हवं होतं ते त्यानं त्यातनं घेतलं. धुतलेला फेटा बांधून, घोंगडीची घडी खांद्यावर टाकून तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. दुकानाला चाललाय, लग्नाला नाही, असं बानूबाई मागून ओरडली, तिकडं त्यानं लक्षच दिलं नाही.

घोटावडे फाट्यावरून माणमार्गे निघाले. माणपर्यंत रस्ता बरा होता. पुढं हिंजवडीत गर्दीनं अशी मिठी मारली, की गाडी चालतेय की नुसती थरथरतेय ते कळेना. चहूबाजूंनी इमारती. गेणू काचेला नाक लावून वर बघत होता.

"हितं समदी वावरं हुती. दिवाळीनंतर आमची मेंढरं हितं बसायची, लेंड्यांचं खत व्हायचं ना. मालक लोक बोलवून न्यायचं आमाला. जोंधळं द्यायचं." जरा थांबून तो म्हणाला, "हृतिक तवा माझ्या खांद्यावर असायचा. लई रडायचा. गाडी गेली की गप व्हायचा."

उज्वला हसली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

वैष्णवीचं दुकान मारुंजीत एका चारमजली इमारतीच्या तळाशी होतं. वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी कंपन्यांतली पोरं, खाली हा लांबलचक गाळा. वैष्णवी तिशीची, अंगात रंगाचे डाग पडलेला शर्ट, बोलणं रोखठोक. जागा तिच्या घरचीच. गेणूनं दारातच विचारलं, "ही कोंडिबाची जागा नव्हं का?" आणि ती म्हणाली, "माझे आजोबा." मग काय, गेणूला खुर्ची मिळाली, चहा आला आणि या गाळ्याच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यात मेंढरं कोंडायचो याची माहितीही वैष्णवीला मिळाली.

तिनं गाडी धुऊन घेतली, आत घेतली आणि एक झगझगीत दिवा बोनेटवर धरला. उन्हात दिसलं त्याच्या दसपट जाळं उजेडात आलं.

"बाई गं," ती म्हणाली. "पुसता कशानं हिला?"

"घोंगडीनं," गेणू छाती काढून म्हणाला. "ही काय. आमच्याच मेंढराची लोकर. रोज पुसतुया. एक दिवस चुकवला न्हाई."

उज्वलानं त्याच्या मागून वैष्णवीला मानेनं खूण केली. पण वैष्णवीच्या तोंडावर यायचं ते येऊन गेलं होतं आणि गेणू काही आंधळा नव्हता. त्यानं खुर्ची सोडली, दिव्यापाशी गेला, वाकून बघितलं. मग हात पुढं करून, बोनेटला न लावता, हवेतच रोजच्यासारखा गोल फिरवला. हाताचं फिरणं आणि खालची वेटोळी तंतोतंत जुळत होती.

"म्हंजी म्याच व्हय?" तो म्हणाला.

"बाबा, घोंगडी खरबरीत असते," वैष्णवी आवाज मऊ करून म्हणाली. "तिच्यात धुरळा अडकतो, आणि पुसताना तोच घासला जातो. काळ्या रंगावर तर जरा काही झालं की दिसतं. पांढरी असती तर तुमच्या लक्षातही आलं नसतं."

"तुमी जपायलाच गेला, मामा," उज्वला म्हणाली.

गेणूनं खांद्यावरची घोंगडी काढून खुर्चीवर ठेवली आणि तिच्यापासून जरा लांबच उभा राहिला. त्याचं ते लांब उभं राहणं उज्वलाला बघवेना.

वैष्णवीनं कामाचं काढलं. "एक सांगा, गाडी ठेवायची की विकायची? त्यावर ठरतं. विकायची असेल, तर मी वरून एक लेप देते. तो रेघांमध्ये भरून बसतो, वर वॅक्स मारलं की जाळं गायब. दोन-चार वेळा धुतली की परत दिसतं, पण तोवर गाडी गेलेली असते. सगळे तेच करतात. ठेवायची असेल, तर खरं काम करावं लागतं."

"ठेवायची," गेणू म्हणाला. "पोरगं येतंय माझं. त्याची गाडी हाय." आणि हो म्हणून घेण्यासाठी त्यानं सुनेकडं बघितलं.

उज्वला खाली बघत होती. फरशीवर साबणाचं पाणी वाहत होतं, ते कुठं जातंय हे बघण्यात तिनं लक्ष घातलं होतं. गेणूनं अख्खा जन्म मुक्या जनावरांच्या तोंडाकडं बघून काढलेला. त्याला शब्दांची गरज पडली नाही.

"इकायला सांगितलीया व्हय त्यानं?" त्यानं विचारलं.

"व्हय, मामा."

"आन येत न्हाई."

"ठाव न्हाई मला. खरंच ठाव न्हाई."

वैष्णवी उगाच एका फडक्याची घडी घालायला लागली. मग गेणूनं घसा खाकरला.

"मग त्यो लेप नगं," तो वैष्णवीला म्हणाला. "जित्राब इकायचं तर खोट सांगून इकायचं, ही आमच्यात रीत हाय. डोळ्यात फूल असंल, पायात लचक असंल, गिऱ्हाईक दावं धरायच्या आधी सांगायची. झाकून इकलं, तर त्या मेंढवाड्यात पुन्हा पाय ठेवायला लाज वाटती. खरं काम कर. आन जे इकत घ्यायला यील त्येला मी सांगतो, ह्ये म्या केलंय म्हणून."

"करा खरंच काम," उज्वला म्हणाली. "ठेवायची का इकायची ते मी संध्याकाळी सांगते."

खरं काम म्हणजे काय ते तिनं दिवसभर बघितलं. आधी मातीच्या गोळ्यासारखा एक चिकट गोळा सगळ्या अंगावरून फिरवून रंगात रुतलेली कचकच काढली. मग वैष्णवीनं बोनेटच्या मधोमध कागदी पट्टी चिकटवली आणि एकाच बाजूला मलम लावून यंत्र धरलं. रंगावर काचेसारखा एक पातळ थर असतो, ती सांगत होती. रेघा त्या थरावर असतात. तो थर केसाएवढा उतरवायचा, की रेघा जातात. असं फार वेळा करता येत नाही. थर संपला की रंगच जातो, म्हणून जपून. यंत्र घुं घुं करत फिरलं. फडक्यानं मलम पुसलं, पट्टी काढली. पट्टीच्या या बाजूला धुरकट, म्हातारी गाडी होती. त्या बाजूला वरचा दिवा स्वच्छ एकच दिवा होऊन पडला होता आणि त्याच्या खाली खोल काळं होतं, भर दुपारी विहिरीत वाकून बघितल्यासारखं.

गाडी आणली त्या संध्याकाळी हृतिकनं ती ओढ्यात धुतली होती आणि ओलीच वाड्यात आणून उभी केली होती. ती बाहेर आली तेव्हा गाडीच्या त्या ओल्या काळ्या दारात तिला स्वतःचं कुंकू दिसलं होतं. त्यानं मागून येऊन दारातल्या तिच्याकडं बोट दाखवून म्हटलं होतं, "ही कोण बाई बसलीया माझ्या गाडीत? लई झ्याक हाय." एवढा फालतू विनोद! आणि आज मारुंजीच्या गाळ्यात, घुं घुं करणाऱ्या यंत्रापाशी, त्या फालतू विनोदासाठी तिचा जीव तुटत होता. त्यानं नवी गाडी आणू नये, सोनं आणू नये, काही आणू नये. मागून येऊन उभं राहावं आणि काहीतरी फालतू बोलावं.

चार वाजून गेल्यावर वॅक्सचा प्रश्न आला. वैष्णवीनं एक बाटली आणि एक पत्र्याचा डबा पुढं ठेवला. बाटलीतलं कोटिंग होतं. एकदा बसलं की दोन-तीन वर्षं बघायला नको, अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीला तेच बरं, असं तिचं मत. डब्यातलं मेण होतं, कुठल्याशा झाडाच्या पानावरून काढलेलं. ते हातानं लावायचं, हातानं पुसायचं आणि दोन-अडीच महिन्यांत उडतं.

"फरक काय पडतो दिसायला?" उज्वलानं विचारलं.

"कोटिंगनं काचेसारखी दिसते. मेणानं ओली दिसते."

"मेण द्या," उज्वला म्हणाली. "आन मी लावते."

"दोन महिन्यांनी परत लावावं लागेल."

"लावीन की." तेवढंच हाताला काम, असं तिच्या मनात आलं. त्याच्या वस्तूला दर दोन महिन्यांनी हात लावायचा, तो येईपर्यंत.

वैष्णवीनं तिला दाखवलं. मऊ स्पंजवर बोटभर मेण, पातळ हात, सरळ रेषेत, गोल नाही. वाळून पांढुरकं झालं की मऊ फडक्यानं अलगद पुसायचं. गेणू खुर्चीवर बसून सरळ जाणारा तो हात बघत होता. मधेच उठून त्यानं विचारलं, "म्या लावू का जरा?" आणि मग त्याला मागचं एक दार मिळालं. इतक्या हळू हातानं त्यानं त्या दाराला मेण लावलं, की वैष्णवी हसायला लागली आणि बऱ्याच वेळानं तोही हसला.

गाडी बाहेर काढली तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. रस्त्यावरचा एक टेम्पोवाला टेम्पो हळू करून बघून गेला. बोनेटमध्ये समोरची इमारत उभी होती, तिच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे मोजता आले असते. उज्वलानं पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले, गाडीपुढं उभी राहिली आणि हृतिकला व्हिडिओ कॉल लावला.

तो खोलीत होता, मागं दोरीवर चार माणसांचे कपडे. तिला बघून तो हसला. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागं गेली आणि तो हसायचा थांबला.

"अगं... ही आपलीच हाय?"

"आपलीच."

"आईशप्पथ. उज्वला, जरा बाजूला सर. बोनेट दिसंना."

ती बाजूला सरली.

"दार दाखव. हां, मागं मागं. टपावर धर फोन. काय झालीया गं! ओलीच दिसतीया." त्याचा आवाज भरून आला होता. खरोखरचा भरून आला होता. "हितं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून चालवून जीव इटला माझा. इकू नगं. साहिलला मी सांगतो न्हाई म्हणून. दिवाळीला येतो मी. पक्कं. साहेबाला आजच सांगतो. तेवढी सावलीत ठेव तिला, आन कुणाला हात लावू देऊ नगं."

हेच शब्द ऐकायला तिनं दिवस राबून काढला होता. दिवाळीला येतो. पक्कं. ते आले, तिच्या कानात पडले आणि तिनं फोन स्वतःकडं वळवला. अडीच वर्षं ती फोनवर होती. ताप आला तेव्हा होती, बानूबाईचा पाय मोडला तेव्हा होती, रडली तेव्हाही होती. तेव्हा त्याचा आवाज असा भरून आला नव्हता.

"तुमी कुणासाठी येणार?" तिनं विचारलं.

"म्हंजी?" तो हसला. "काय बी इचारतीस. जरा चाकं दाखव की."

तिनं चाकं दाखवली. चारही दाखवली. मग नेट जातंय म्हणाली आणि फोन बंद केला. नेट कुठं गेलं नव्हतं.

साहिलला यायला नको असा निरोप मिळायच्या आतच तो येऊन पोहोचला. सरळ स्वभावाचा, चष्मेवाला माणूस. गाडी बघून त्याचे डोळे चमकले. गेणू ठरल्याप्रमाणे पुढं झाला आणि त्यानं घोंगडीची सगळी हकिगत सांगितली, थर केसाएवढा उतरलाय हेही सांगितलं. साहिलनं ते शांतपणे ऐकलं. मग तो म्हणाला, "आजोबा, गाडी विकणाऱ्याकडून आजवर इतकं खरं मी ऐकलं नव्हतं. मला चालेल." एवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलून झाल्यावर तो जरा ओशाळला. "हृतिकदादा नाही म्हणतोय आता."

"गाडी माझ्या नावावर हाय," उज्वला म्हणाली. "कागद मी आणल्यात. तुमी घ्या."

गेणूनं तिला बाजूला घेतलं. "पोरी, आता तर येतो म्हणतुया त्यो. आन तू इकतीस?"

"मामा, तुमी हितंच बसला हुता. बोलणं ऐकलं ना समदं?"

"ऐकलं."

"आबा कसं हायेत, असं तुमचं इचारलं का त्यांनी?"

गेणूनं आठवून बघितलं. आठवायला फार काही नव्हतं, तरी त्यानं वेळ घेतला. "न्हाई."

"मला बी न्हाई इचारलं. बाजूला सर म्हणलं. दिवाळीला येतील, गाडी फिरवतील आन जातील. मला तसं नगं, मामा. मला ते माझ्यासाठी आलेलं पाहिजे. लई वाट बघितली मी."

गेणूनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यानं लग्नाच्या दिवशी ठेवला होता, त्यानंतर आजच. "मग इक," तो म्हणाला.

साहिलनं कागद बघितले, पैसे दिले आणि तो गाडी घेऊन बावधनच्या दिशेनं गेला. वळणावर तिच्या पाठीवर ऊन एकदा लखलखलं आणि गर्दीत मिसळून गेलं. गेणू आणि उज्वला बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. कंपन्या सुटल्या होत्या, बस भरून येत होत्या आणि न थांबता पुढं जात होत्या. शेवटी दोघंही कट्ट्यावर टेकले. तिथंच फोन वाजला. या वेळी तिनं व्हिडिओ सुरू केला नाही.

"साहिलनं फोटो टाकला," हृतिक म्हणाला. श्वास जोरजोरात चालला होता. "तू इकलीस? मी न्हाई म्हणलो असताना इकलीस?"

"व्हय."

"अगं मी येतो म्हणलो हुतो ना! तिकिटाचं बघत बसलो हुतो हितं. आता कशाला येऊ मी?"

बोलून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं असावं. पलीकडं एकदम शांत झालं. त्याच्या खोलीत कुणीतरी हिंदीत हाक मारत होतं, त्या हाकेला त्यानं उत्तर दिलं नाही.

उज्वलाला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं आणि सगळ्यात जास्त, त्या शांततेत हात घालून त्याला मनगटाला धरून इकडं ओढावंसं वाटत होतं. शेजारी गेणू कान देऊन बसला होता.

"हितं मी हाय," ती म्हणाली. "आबा हायेत. आई हायेत. तेवढंच हाय आता."

त्यानं फोन ठेवला नाही. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, आधी जोरात आणि मग हळू. अडीच वर्षांत तिनं त्याला कितीदा तरी विचारलं होतं, की कवा येणार, रजा कवा, साहेब काय म्हणतोय. सरळ या असं एकदाही म्हटलं नव्हतं. मागणं मागितल्यासारखं होईल म्हणून, तो अडचणीत पडेल म्हणून, आणि नाही म्हणाला तर काय, या भीतीनं.

"या," ती म्हणाली.

आणि उत्तराची वाट बघत फोन कानाला तसाच धरून बसली.